तयार शब्दसंचांची पारख: 'टू बिल्ड अ फायर' आणि कडाक्याच्या थंडीचे शब्द

कॅनडातल्या युकॉन भागात, जीवघेण्या थंडीत, फक्त कुत्र्याला सोबत घेऊन निघालेला एक माणूस पाण्यात भिजतो आणि आग टिकवता न आल्याने मरतो. ही जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' कथा इंग्रजीच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकवली जाते. त्यामुळे तिचे तयार शब्दसंच भरपूर मिळतात, काही फुकट, काही विकत. साचा बहुतेकांचा एकच असतो: वीस ते तीस शब्द, प्रत्येकाची एका ओळीची व्याख्या, एक उदाहरणवाक्य, मग 'जोड्या लावा', गाळलेल्या जागा आणि शेवटी उत्तरतालिका. हे परीक्षण कुठल्या एका संचाचं नाही, या साच्याचं आहे. मराठी माध्यमातून आलेला किंवा घरी मराठी बोलणारा विद्यार्थी असा संच घेऊन बसला, तर कथा त्याच्या हाती किती लागते, एवढंच इथे तपासलं आहे.

निवाडा आधीच सांगून टाकतो. परीक्षेपुरता शब्दसाठा वाढवायचा असेल तर संच ठीक आहेत. कथा समजून घ्यायची असेल तर अपुरे आहेत, कारण ते नेमके चुकीचे शब्द उचलतात. 'इन्टॅन्जिबल', 'ॲप्रिहेन्शन', 'इम्परेटिव्ह', 'रिइटरेट', 'पॉइन्यंट', 'कन्जेक्चरल' हे शब्द यादीत हमखास असतात. 'क्रीक', 'फोर्क', 'बिस्किट', 'मिटन', 'ट्विग' हे मात्र नसतात, कारण ते सोपे धरलेले असतात. मराठी वाचक अडखळतो तो याच सोप्या शब्दांवर. आणि अडखळल्याचं त्याला कळतही नाही, म्हणून ते जास्त घातक.

'क्रीक'पासून सुरुवात करू. आपल्याकडे क्रीक म्हणजे खाडी. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, भरती-ओहोटीचं खारं पाणी. कथेतला 'हेंडरसन क्रीक' हा युकॉन नदीच्या खोऱ्यातला गोड्या पाण्याचा ओढा आहे. अमेरिकी आणि कॅनडियन इंग्रजीत ओढ्याला क्रीकच म्हणतात. खाडी हा अर्थ डोक्यात घेऊन वाचलं की पुढचं सगळं चित्र बिघडतं: डोंगरउतारावरून येणारे झरे, काठावरची झाडं, पुराच्या पाण्याने अडकवून ठेवलेलं लाकूड, यातलं काहीच जागेवर बसत नाही. 'फोर्क्स'चं तेच. कथेतला माणूस साडेबाराला 'फोर्क्स'पाशी पोचतो, म्हणजे ओढ्याचे दोन फाटे मिळतात त्या जागी. 'क्लेम' हा दावा नव्हे, तर सोनं काढण्यासाठी नोंदवून घेतलेला जमिनीचा पट्टा. 1896 मध्ये युकॉनमधल्या क्लोंडाइक भागातल्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि पुढची दोन-तीन वर्षं माणसांचे लोंढे तिकडे गेले. 1897 मध्ये लंडनने स्वतः हेंडरसन क्रीकवर असाच एक पट्टा नोंदवला होता. ओढा, फाटा आणि पट्टा हे तीन शब्द नीट लागले की कथेचा नकाशा उभा राहतो. यादीत हे तिन्ही शब्द पहिल्या पानावर असायला हवेत.

'बिस्किट' तर फारच फसवं. तो माणूस दुपारच्या जेवणाची बिस्किटं रुमालात गुंडाळून, सदऱ्याच्या आत, उघड्या अंगाला चिकटवून नेतो. आपल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे चहात बुडवायचं पातळ बिस्किट येतं, आणि ते अंगाला लावून न्यायचं कारण त्याला उलगडत नाही. अमेरिकी बिस्किट म्हणजे छोट्या पावासारखा मऊ, जाड भाजलेला गोळा. इथे तो मधोमध चिरलेला, डुकराच्या चरबीत भिजवलेला आणि आत तळलेल्या बेकनचा जाड तुकडा घातलेला आहे. पाव ओलसर असतो, म्हणून गोठतो. गोठू नये म्हणून अंगाची ऊब. ही कार्यकारणाची साखळी एका शब्दावर उभी आहे.

असे आणखी दोन सापळे. 'हील ऑफ द हॅन्ड' म्हणजे तळहाताचा मनगटालगतचा जाड, फुगीर भाग. बोटं मेल्यावर तो माणूस काड्यांचा जुडगा या दोन भागांमध्ये दाबून धरतो. 'हील' म्हणजे टाच एवढंच माहीत असलेला मुलगा इथे पूर्ण चकतो. दुसरा शब्द 'ॲडव्हर्टाइज'. ज्या जागी माणूस पाण्यात जातो तिथला मऊ, अस्पर्श हिम खाली भक्कम जमीन असल्याचं जणू 'ॲडव्हर्टाइज' करतो. जाहिरातीचा इथे काही संबंध नाही. हिमाचा पृष्ठभाग खात्री देत होता, भरवसा दाखवत होता, असा अर्थ आहे. कथेतली सगळ्यांत मोठी फसगत या क्रियापदात आहे, आणि ओळखीचा शब्द म्हणून संच त्याला वगळतात.

आता बर्फ. संचांचा मराठी अनुवाद जोडलेला असेल तर इथे तो हमखास कोसळतो, कारण 'आइस', 'स्नो' आणि 'फ्रॉस्ट' या तिघांनाही 'बर्फ' लिहिलेलं असतं. रोजच्या मराठीत ते चालतं. या कथेत चालत नाही, कारण कथेचं सगळं संकट या तीन पदार्थांच्या थरांमधून येतं. युकॉन नदीवर तीन फूट जाडीचा 'आइस' आहे आणि त्यावर तितकाच 'स्नो'. ओढा तळापर्यंत गोठलेला आहे. पण डोंगरउतारावरचे झरे कितीही थंडीत गोठत नाहीत. त्यांचं पाणी ओढ्याच्या बर्फावरून आणि हिमाच्या खालून वाहतं. त्यावर अर्धा इंच जाडीची 'आइस-स्किन' धरते, तिच्यावर पुन्हा पाणी, पुन्हा स्किन, आणि या सगळ्यावर हिमाची चादर. माणूस एका थरातून खाली गेला की पुढचे थरही फुटत जातात. पाणी तीन इंच असेल किंवा तीन फूट, वरून कळत नाही.

इथे एक घट्ट नियम ठेवावा: 'आइस' म्हणजे बर्फ, 'स्नो' म्हणजे हिम, आणि 'आइस-स्किन'साठी 'बर्फाची साय'. दुधावर साय धरते तशीच ही पाण्यावर धरते. शब्द ऐकताच पातळपणा आणि खालचा द्रव दोन्ही समजतात. 'त्वचा' किंवा 'कातडी' लिहिणारे संच शब्दकोशाशी प्रामाणिक आहेत, पण वाचकाला काही देत नाहीत. अशा लपलेल्या डबक्यावरचा हिम थोडा खचलेला आणि 'कँडीड' दिसतो. हा शब्द मात्र बऱ्याच याद्यांत आहे आणि 'साखर लावलेला' असा दिलेला असतो. जवळ जातो, तरी 'पाक चढलेला' हे जास्त नेमकं. पाकातल्या चिरोट्यावर पाक सुकला की तो रवाळ, चमकदार, किंचित कडक दिसतो. खालच्या ओलाव्याने हिमावर तसंच कवच येतं. धोका ओळखायची खूण तीच.

'फ्रॉस्ट' या एकाच शब्दाचे कथेत तीन उपयोग आहेत. कुत्र्याच्या केसांवर श्वासाची वाफ गोठून बसलेली बारीक पूड, हा पहिला. गाल 'फ्रॉस्ट' होणं, म्हणजे कातडी गोठून पांढरी आणि बधिर पडणं, हा दुसरा. तिसरा मोजमापाचा: 'डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट'. एकच व्याख्या देणारा संच दोन ठिकाणी चुकीचा ठरतो.

मोजमापाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण उत्तरतालिकांमध्येही इथे गोंधळ आढळतो. कथेतले सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत. माणसाचा अंदाज शून्याखाली 50, म्हणजे सुमारे उणे 45.6 सेल्सियस. प्रत्यक्षात आहे शून्याखाली 75, म्हणजे सुमारे उणे 59.4. 'डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट' शून्यापासून मोजत नाहीत, गोठणबिंदूपासून मोजतात. फॅरनहाइटमध्ये पाणी 32 ला गोठतं, म्हणून 75 अधिक 32 मिळून 107. हा 107 चा आकडा पाहून 'तापमान उणे 107' लिहिलं तर ते चूक. 107 अंश थेट सेल्सियसमध्ये बदलायलाही जाऊ नये. सेल्सियसमध्ये गोठणबिंदू शून्यच असल्याने तिथे 'डिग्रीज ऑफ फ्रॉस्ट' 59.4 भरतात. थंडी अतिशयोक्त वाटते, पण नाही: युकॉनमधल्या स्नॅग या ठिकाणी 3 फेब्रुवारी 1947 रोजी उणे 63 सेल्सियसची नोंद झाली आहे.

संचांतले चांगले शब्द कोणते, तेही सांगू. 'इन्टॅन्जिबल पॉल' जवळपास सगळीकडे असतं आणि असायलाच हवं. 'इन्टॅन्जिबल' म्हणजे हाताला न लागणारं, आणि 'पॉल' म्हणजे मुळात शवपेटीवर घालायचं वस्त्र. मराठीत चटकन 'मळभ' सुचतं, पण ते घेऊ नये: मळभ ढगांमुळे येतं, आणि कथेत आकाशात एकही ढग नाही. सूर्यच क्षितिजाच्या वर आलेला नाही. 'सावट' हा शब्द इथे चपखल बसतो, मृत्यूची छायाही त्यात आपोआप येते. 'मझल' म्हणजे माणसाच्या दाढीमिशांवर श्वास आणि तंबाखूचा रस गोठून झालेलं बर्फाचं आवरण. यासाठी आपल्याकडे 'मुसकं' हा तयार शब्द आहे. मळणीत बैलाच्या तोंडाला बांधतात ते. बर्फाच्या मुसक्यामुळे त्याला तोंड उघडून जेवताही येत नाही. संचांत 'थूथन' किंवा 'जनावराचं तोंड' असं दिसलं तर खोडून 'मुसकं' लिहावं.

'अन्ड्युलेशन्स'ची व्याख्या 'लाटा' अशी देतात. त्यामुळे मुलांना नदी वाहती वाटते. नदी गोठत असताना बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून अडले, त्यांच्यावर हिम पडला आणि पृष्ठभाग हलका उंचसखल झाला. 'चढउतार' पुरे.

'चेचाक्वो' या शब्दासाठी संचाला गुण द्यायचे, तो असेल तर. वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या चिनूक जार्गन या व्यापारी मिश्रभाषेतला हा शब्द: नवा आलेला, नवखा. कथेतल्या स्पेलिंगच्या शेवटी 'क्यू, यू, ओ' आहे. शब्दकोशात तो 'चीचाको' या उच्चाराने, शेवटी 'के, ओ' अशा स्पेलिंगखाली सापडतो. कथेतलं स्पेलिंग शोधून हाती काही लागलं नाही की शब्दच खोटा असावा असं मुलांना वाटतं.

कथेचा गाभा मात्र आगीच्या शब्दांत आहे, आणि सगळ्यांत जास्त निराशा तिथेच होते. मराठीकडे या बाबतीत वैभव आहे: सरपण, काटकी, ढलपी, पालापाचोळा, विस्तव, निखारा, जाळ, धग, ऊब. संच मात्र 'फायर', 'फ्लेम', 'ब्लेझ' यांना मिळून 'आग' देऊन मोकळे होतात. कथेतला क्रम असा आहे. आधी हिमावर मोठी लाकडं पसरून बैठक करायची, नाहीतर कोवळा जाळ वितळलेल्या पाण्यात बुडतो. मग काडी ओढून खिशातल्या भूर्जाच्या सालीच्या तुकड्याला लावायची. साल कागदापेक्षा लवकर पेटते, कारण तिच्यात तेलकट घटक असतात. मग सुक्या गवताचे झुपके, मग अगदी बारीक काटक्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या फांद्या. 'श्रेड', 'विस्प', 'ट्विग', 'ब्रँच', 'बाऊ' हे पाच शब्द लहानापासून मोठ्यापर्यंतची मापं आहेत. ते एका ओळीत, याच क्रमाने शिकवले तरच त्यांना अर्थ येतो. अकारविल्हे यादीत ते विखुरतात.

भूर्ज म्हटल्यावर मराठी वाचकाला भूर्जपत्र आठवतं, जुन्या पोथ्यांचं. तो हिमालयातला भूर्ज. कथेतला उत्तर अमेरिकेतला, पण कुळ तेच आणि साल तशीच पापुद्र्यांनी सुटणारी. एवढी ओळख करून दिली तर 'बर्च-बार्क' पाठ करावं लागत नाही. 'स्प्रूस'ला मात्र देवदार म्हणू नये. देवदार वेगळं झाड आहे. 'स्प्रूस' तसाच ठेवावा.

'कॅप्साइझ' हा शब्द सगळ्या संचांत आहे, 'होडी उलटणे' या अर्थाने, आणि गाळलेल्या जागेच्या प्रश्नातही होडीच असते. कथेत उलटते ती फांदी. माणसाने आग पेटवली स्प्रूसच्या खाली, कारण खालच्या झुडपातून काटक्या ओढून थेट आगीत टाकणं सोपं होतं. प्रत्येक काटकी ओढताना झाडाला न कळेलसा हिसका बसत गेला. फांद्यांवर हिमाचं ओझं होतंच. वरच्या एका फांदीने आपलं ओझं खाली 'कॅप्साइझ' केलं, ते खालच्या फांद्यांवर पडलं, त्यांनी आपलं ओतलं, आणि सगळा हिम आगीवर आला. 'इम्पर्सेप्टिबल ॲजिटेशन' हा याच प्रसंगातला शब्दप्रयोग. 'ॲजिटेशन' म्हणजे आंदोलन किंवा अस्वस्थता, असं छापणाऱ्या संचाने हा परिच्छेद उघडून पाहिलेला नाही. इथे तो 'हिसका' आहे.

काड्यांबद्दलही खुलासा लागतो. कथेत सत्तर गंधकाच्या काड्या आहेत आणि तो माणूस त्यांचा जुडगा पायावर घासून पेटवतो. आपल्या काडेपेटीतली काडी पेटीच्या बाजूच्या पट्टीवरच पेटते, कारण लाल फॉस्फरस त्या पट्टीत असतो. कुठेही घासून पेटणारी काडी वेगळी, हे सांगितलं नाही तर वाक्य अशक्य वाटतं. 'ब्रिमस्टोन' म्हणजे गंधकच. त्याचा धूर नाकात जाऊन खोकला येतो आणि दातांत धरलेली काडी पडते, हे घटनेचं कारण आहे.

थंडी अंगावर कशी चढते याचे शब्द मात्र संचांत बरे असतात: 'नम्ब', 'टिंगल', 'स्टिंग', 'एक्स्ट्रेमिटीज'. मराठीत त्यांची साखळी अशी लावावी: आधी थंडी झोंबते, मग बोटं बधिर होतात, रक्त परतायला लागलं की मुंग्या येतात आणि मग ठणका लागतो. कथेतला माणूस ठणक्याने सुखावतो, कारण ठणका म्हणजे बोट जिवंत. 'हायपोथर्मिया' हा शब्द काही संच आपल्या पदरचा घालतात; कथेत तो नाही. पूरक माहिती म्हणून हरकत नाही, पण मूळ यादीत मिसळू नये. आणखी एक सावधानता: माणूस गाल आणि नाक मिटनने, म्हणजे हातमोजाने, चोळत राहतो. हिमदंश झालेली कातडी चोळू नये, असं आजचं प्रथमोपचार सांगतं. लडाख किंवा हिमालयातल्या ट्रेकवर जाणारी मुलं वर्गात असतील तर हे बजावून सांगावं.

विकत घेण्याआधी तपासायची एक गोष्ट फार महत्त्वाची. या कथेची दोन रूपं आहेत. 1902 मध्ये मुलांच्या 'यूथ्स कम्पॅनियन' नियतकालिकात आलेल्या रूपात नायकाला टॉम व्हिन्सेंट हे नाव आहे, कुत्रा नाही आणि नायक जिवंत राहतो. 1908 च्या रूपात माणूस निनावी आहे, सोबत कुत्रा आहे आणि माणूस मरतो. सगळीकडे शिकवलं जातं ते दुसरं. संच एका रूपाचा आणि हातातला मजकूर दुसऱ्याचा असला तर काही शब्द सापडतच नाहीत. संचात कुत्र्याशी संबंधित शब्द आहेत का, एवढं पाहिलं की लगेच कळतं. 1908 चा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहे, 'लॉस्ट फेस' या 1910 च्या संग्रहात.

संच हातात असेलच तर तो असा दुरुस्त करावा. तीस शब्दांतली भाववाचक विशेषणं दहावर आणावीत. उरलेल्या वीस जागांत ओढा-फाटा-पट्टा, बर्फाचे शब्द, आगीची पाच मापं, अंगावरचे कपडे आणि फसवे सोपे शब्द भरावेत. कपड्यांत 'मिटन' घ्यायचाच: अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र असलेला हातमोजा. बोटं एकमेकांना ऊब देतात म्हणून तो जास्त उबदार, पण बारीक काम करायला काढावाच लागतो. कथेत प्रत्येक वेळी तो निघतो तेव्हा काहीतरी बिघडतं. 'मोकॅसिन' मऊ चामड्याचे जोडे. भिजल्यावर त्यांच्या नाड्या पोलादी सळ्यांसारख्या होतात, आणि त्या कापण्यासाठी 'शीथ-नाइफ', म्हणजे म्यानातला सुरा.

व्याख्येच्या रकान्याशेजारी दोन रकाने वाढवावेत: 'ही वस्तू कथेत काय काम करते' आणि 'ती बिघडली तर काय होतं'. हे रकाने विद्यार्थ्याने मजकूर वाचून स्वतः भरायचे. एका शब्दाला तीन ते चार मिनिटं लागतात; वीस शब्दांना दोन तासिका धराव्यात.

'जोड्या लावा'च्या जागी टेबलावरचा एक प्रयोग करता येतो, न पेटवता. कागदाची पट्टी, सुकं गवत, खराट्याच्या काड्या, बोटाएवढ्या आणि मनगटाएवढ्या फांद्या मिसळून ठेवाव्यात आणि इंग्रजी नावं घेत क्रमाने मांडायला सांगावं. मग जाड लोकरी हातमोजे घालून टेबलावर विखुरलेल्या दहा काड्या उचलायच्या, आधी बोटांनी, मग फक्त तळहातांच्या मनगटालगतच्या भागांनी. काड्यांचं गूल कापून टाकलेलं असावं. हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक घातले तर बधिरपणाचा अंदाज जास्त चांगला येतो.

गुण द्यायचे तर मूळ साच्याला पाचपैकी अडीच, आणि वरच्या दुरुस्त्यांनंतर चार. एक गुण राखून ठेवला आहे तो उच्चारांसाठी: 'बाऊ', 'क्रीक', 'मोकॅसिन' यांचे उच्चार छापील संचांत नसतात, आणि 'बाऊ' हा शब्द मुलं हमखास 'बफ' असा वाचतात.